झाडाने रचलेली भिंत

मुठेकाठचे वारजे माझ्या लहानपणी एक छोटेसे खेडे होते. आमच्या अंगणात एक गुलमोहर होता. त्याचे खोड जेमतेम माझ्या मांडीएवढे असेल. मी बारा वर्षांचा असताना, एका दुपारी कोयत्याने त्याची तळहाताएवढी साल सोलली आणि आतल्या पांढुरक्या लाकडावर मोठ्या ऐटीत आपले नाव कोरले. आजीने ते पाहिले मात्र, तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती रागावली असती, तर मला बरे वाटले असते.

काही पावसाळे गेले. नावाच्या जागी एक तांबूस, टणक भूछत्र उगवले. पुढे तेही गळून पडले. दोन्ही कडांनी साल वाढत आली आणि नाव झाकले गेले. जखम भरली, असे समजून मी निश्चिंत झालो.

तीस वर्षांनी रस्ता रुंद करताना ते झाड तोडले गेले. ओंडके पाहून मी थबकलो. माझे नाव होते त्या उंचीवर, मधोमध मांडीएवढा भाग कुजून भुसभुशीत झाला होता. त्याभोवती एक काळसर वलय होते. आणि वलयाबाहेरचे सारे लाकूड निकोप होते!

त्या वलयाचा उलगडा मला पुढे वाचनातून झाला. कवकांची सूक्ष्म बीजुके हवेत सदैव तरंगत असतात. साल ही झाडाची तटबंदी. तिला खिंडार पडले, की बीजुके आतल्या ओल्या लाकडावर रुजतात आणि त्यांचे तंतू लाकूड विरघळवून खाऊ लागतात. झाडाला पळून जाता येत नाही; कुजलेले लाकूड पुन्हा सजीवही करता येत नाही. मग ते काय करते? जखमेच्या वरखालच्या नलिका डिंकासारख्या द्रव्यांनी बुजवते. सालीखालचा जिवंत थर कवकाला न मानवणारी भिंत रचतो आणि तिच्याबाहेर नवे लाकूड चढवत राहतो. ही भिंत दर वेळी टिकतेच असे नाही. पण झाड ती रचल्यावाचून राहत नाही. अमेरिकेतील ॲलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून अभ्यासली आणि १९७७ मध्ये ही रीत सविस्तर मांडली.

म्हणजे माझी जखम कधी भरलीच नव्हती. गुलमोहराने ती तीस वर्षे पोटात कोंडून ठेवली होती आणि तरीही दर वैशाखात आमच्या अंगणात लाल फुलांचा सडा घातला होता.

वारज्याच्या उजाड टेकडीवर २०१५ नंतर वन विभागाने लोकांच्या मदतीने वन उभे केले. तेथे गेलो, की कोवळ्या खोडांवरून माझा हात आपोआप फिरतो. एखादा मुलगा चाकू घेऊन झाडाजवळ दिसलाच, तर त्याला मी रागावत नाही. शेजारी बसवून आमच्या गुलमोहराची गोष्ट सांगतो.