बॅटरीत पाणी कधी टाकायचं?

मे महिन्यात गावी गेलो होतो. लोणारपासून थोड्याच अंतरावर आमचं गाव. दुपारची लाईट गेलेली, बाबा इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकत बसले होते. टाकता टाकता विचारलं, "स्कूटरच्या बॅटरीत पाणी कधी टाका लागते रे?"

नवी इलेक्ट्रिक स्कूटर समोरच्या खोलीत उभी होती. रात्री तिथेच चार्जिंगला लागायची आणि शेजारच्या खाटेवर आजी झोपायची.

"तिच्यात पाणी नसतं, बाबा."

"मंग काय असते?"

मी पुण्यात बॅटरीवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितो. सेल तापला की चार्जिंग तोडायचं, हे माझं काम. तरी उत्तर द्यायला जीभ रेटेना. कारण खरं उत्तर होतं: पेट घेणारं द्रावण.

बॅटरीच्या दोन टोकांमध्ये आयन ज्यातून ये-जा करतात, ते इलेक्ट्रोलाइट. लिथियमच्या बॅटरीत ते बहुधा कार्बोनेट जातीच्या सेंद्रिय द्रावकांचं असतं आणि ते जळतं. सेलच्या आत एकदा उष्णतेची साखळी सुरू झाली की चार्जर काढूनही ती थांबत नाही. तिथे माझा कोड संपतो.

मी सोडियमचं सांगायला लागलो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटीने सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यात पुण्याच्याच आयसरचे संशोधक सोबत होते. बाबा हसले. "सोडियम? आपल्या तळ्यात तेच तं हाय." खरंच आहे. लोणारचं पाणी सोड्यानेच इतकं खारं आणि अल्कधर्मी आहे. ऐन-ए-अकबरीतही इथल्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. तळं आता रामसर यादीत आहे, त्याला कुणी हात लावू नये. पण सोडियम मिठातही आहे, त्याची वानवा नाही.

मग बाबांनी नेमकं विचारलं, "मंग हे पेटनार नाही ना?"

इथे आपण सगळेच चुकतो. 'सोडियम म्हणजे सुरक्षित' असं रील्समध्ये ऐकून मीही तेच बोलणार होतो. पण धातू बदलला तरी द्रावक बहुधा तोच, जळणारा. खरा बदल त्या द्रावणात हवा.

टोकियो विद्यापीठातल्या अत्सुओ यामादांच्या गटाने २०१७च्या अखेरीस असं एक द्रावण मांडलं. त्यात द्रावक ट्रायमिथाइल फॉस्फेट, म्हणजे आग विझवणाराच. एरवी हा द्रावक कार्बनच्या टोकावर टिकाऊ थर बनू देत नाही आणि बॅटरी लवकर मरते. त्यांनी त्यात सोडियमचं क्षार भरपूर विरघळवलं, तेव्हा क्षारापासूनच तो थर बनला. हजाराहून जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही सेल टिकले. अडचण अशी की इतकं घट्ट द्रावण महाग पडतं, आणि दाट असल्याने आयनही त्यातून हळू सरकतात. म्हणून कुणी ते पातळ करून पाहतंय, कुणी द्रवच काढून घन सिरॅमिक वापरून पाहतंय.

हे सगळं मी बाबांना सांगितलं नाही. म्हणालो, "अजून काम चालू आहे."

"मंग तवरोक?"

आम्ही दोघांनी स्कूटर ढकलत बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये नेली. मी प्लग पॉइंट तिकडे काढून दिला. पाच वर्षं बॅटरीच्या सुरक्षिततेवर कोड लिहितोय, पण आजीसाठी केलेलं खरं काम त्या दिवशी वायर आणि स्क्रू-ड्रायव्हरने झालं.