इंदूरची बियाण्यांची वाट

इंदूरला येणारा पाहुणा राजवाडा पाहतो, लालबाग पाहतो आणि रात्री सराफ्यातील खाद्यपदार्थांत रमतो. या शहराचे आणखी एक वैभव सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाही, कारण ते गव्हाच्या ओंबीत आणि कापसाच्या बोंडात दडलेले आहे. कृषी महाविद्यालयापासून संयोगितागंजाच्या धान्यबाजारापर्यंतची ही वाट कोणी आखून दिलेली नाही. पण एका सकाळी ती पायी सहज होते. माघातल्या कोवळ्या उन्हात आम्ही ती चाललो.

वाटेचा आरंभ महाविद्यालयाच्या शेतांपाशी होतो. १९२४ साली येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीने खर्चाचा भार उचलला आणि संचालक म्हणून अल्बर्ट हॉवर्ड आले. ते व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हे दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. बिहारमधील पुसा येथे त्यांनी सिद्ध केलेले ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ हे गहू तोवर नावारूपाला आले होते.

इंदुरात काम होते कापसाचे. परंतु उत्तम बियाणेही निकस जमिनीत आपला गुण दाखवू शकत नाही, हे हॉवर्ड यांनी जाणले होते. बीज सुधारू पाहणारा हा माणूस म्हणून मातीकडे वळला. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत येथे सिद्ध झाली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. तिच्यावरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड हे नाव आहे. हॉवर्ड यांचे नाव जगाने लक्षात ठेवले. वाडांचे आपण तरी ठेवावयास हवे. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेल्या गांधीजींनी ही संस्था मुद्दाम पाहिली होती. पुढे १९५९ मध्ये येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले.

तेथून सफेद चर्चकडे निघालो की भारतीय कृषी संशोधन संस्थेचे गहू केंद्र लागते. ते १९५१ पासूनचे. येथील वाणांच्या नावाआधी ‘एचआय’ ही अक्षरे असतात. त्यांतला ‘आय’ इंदूरचा. ‘सुजाता’ हा पोळीचा गहू येथलाच, आणि ‘मालवशक्ती’, ‘पूसा तेजस’ हे रव्या-बाफल्याचे कठीण माळवी गहूही येथलेच. काळ्या मातीतील ओलावा धरून, एकदोन पाण्यांवरही तग धरणारा गहू शोधणे हे या केंद्राचे मोठे काम.

हे काम किती सबुरीचे! ओंबीतील फुले उमलण्यापूर्वी चिमट्याने त्यांतील पुंकेसर काढावयाचे, ओंबीला कागदी पिशवी घालावयाची, मग दुसऱ्या वाणाचा पराग आणून तिला द्यावयाचा. त्यातून मिळालेले मूठभर दाणे पिढ्यान् पिढ्या पेरून, निवडून, पारखून घ्यावयाचे. शेतकऱ्याच्या हाती पिशवी पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज लोटतात. सोयाबीन संशोधनाचे केंद्र मात्र खंडवा रोडवर आहे. १९८७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेकडे पायी न जाता वाहनानेच जावे.

आमच्या वाटेचा शेवट धान्यबाजारात झाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडील घरोघर सालाचा गहू भरला जातो. पोळीसाठी शरबती, लाडूच्या रव्यासाठी माळवी, हा हिशेब गृहिणींना तोंडपाठ असतो. दाणा दाताखाली धरून पारखणाऱ्या आपल्या आजी-आत्यांनीही एका अर्थाने बियाण्यांची निवडच केली. कोणता गहू टिकावा, हे शेवटी स्वयंपाकघरच ठरवते.

मात्र एक चिंता मनातून जात नाही. एके काळी गावाबाहेर असलेली ही शेते आज शहराच्या ऐन मध्यात आली आहेत, आणि तेथील चौरस फुटाची किंमत गव्हाच्या पिकाशी कधीच जुळणार नाही. २०२२ साली महाविद्यालयाची जमीन अन्य कामासाठी घेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले. इमारत दुसरीकडे बांधता येते. पण वर्षानुवर्षे एकाच मातीत घेतलेल्या प्रयोगांचा धागा तुटला, तर तो दुसऱ्या शेतात तसाच जोडता येत नाही. म्हणून इंदूरकरांनी मुलांना घेऊन एकदा तरी या वाटेने जावे, परवानगी काढून ती शेते दाखवावी, आणि यंदाचा गहू घेताना दुकानदाराला त्याच्या वाणाचे नाव विचारावे. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, ते आपण सहजासहजी हातचे जाऊ देत नाही.