चार गाण्यांपुरती ओळख

टँगो म्हटलं की सिनेमावाल्यांना मंद लाल दिवा लागतो आणि दातांत धरलेलं गुलाबाचं फूल. ब्युनोस आयर्सच्या विया उर्किसा वस्तीतल्या सुंदरलँड क्लबात मात्र लोक वर्षानुवर्षं बास्केटबॉलच्या कोर्टवर, टांगलेल्या बास्केटखाली, लख्ख उजेडात नाचत आले आहेत. फ्लोअरभोवती टेबलं, टेबलांवर वाइन आणि सोडा, इस्त्री केलेल्या कोटांतले साठी-सत्तरीतले गृहस्थ, आणि एखाद्या लग्नाच्या हॉलला शोभेल असा झगझगाट.

या उजेडाला कारण आहे. टँगो नाचायला लोक जमतात त्या सभेला मिलोंगा म्हणतात, आणि जुन्या वळणाच्या मिलोंगात कुणी कुणाला तोंडाने विचारत नाही. विचारायचं ते डोळ्यांनी. दिवे मंद असतील तर हॉलच्या पलीकडचे डोळे दिसणार कसे?

प्रकार साधारण असा घडतो. ती आपल्या टेबलाशी बसलेली. नव्या गाण्याचे पहिले सूर येतात आणि तिला लगेच कळतं: कार्लोस दी सार्लीचा वाद्यवृंद. दी सार्लीची गाणी कुणाबरोबर नाचायची हे तिचं ठरलेलं असतं. ती समोरच्या भिंतीकडच्या एका माणसावर नजर रोखते. ही मिरादा. त्याचं लक्ष जातं. भुवई किंचित वर, हनुवटी जराशी एका बाजूला; शेजाऱ्याला वाटावं, कॉलर टोचत असेल. हा काबेसेओ. ती मान हलवते आणि व्यवहार ठरतो. तो उठतो, कोटाचं बटण लावतो, फ्लोअरच्या कडेकडेने, नजर न सोडता येतो. ती अजून बसलेलीच आहे. तो अगदी समोर येऊन थांबेपर्यंत उठायचं नाही असा दंडक आहे, आणि त्यात नखरा मुळीच नाही. त्याने मान कलवली ती कदाचित तिच्या मागच्या रांगेतल्या बाईसाठी असेल. दोघी उठल्या, तर एकीला भर सभेत पुन्हा खाली बसावं लागेल.

आणि नको असेल तर? तर काहीच करायचं नाही. नजर पुढे सरकवायची, पर्समध्ये पंखा शोधायचा, मैत्रिणीशी बोलू लागायचं. त्याने विचारलं नव्हतं आणि तिने नाकारलं नव्हतं. आपल्याकडे कांदेपोहे झाल्यावर ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप जातो. पत्रिका कुणी उघडलेलीसुद्धा नसते, हे दोन्ही घरांना ठाऊक असतं, तरी पुढे कुणाच्या तरी लग्नात गाठ पडली की हसून बोलता येतं. मिलोंगात तर हा निरोपही लागत नाही. तिथल्या रीतिरिवाजांना कोदिगोस म्हणतात. पिढ्यानपिढ्या ते बघून बघूनच शिकले गेले, आणि त्यांतले निम्मेअधिक एकाच कामाला जुंपलेले दिसतात: चारचौघांत कुणाचा पाणउतारा होऊ नये.

पुण्या-मुंबईत साल्सा शिकून गेलेल्याची इथे पहिल्या रात्री पंचाईत होते. साल्साच्या पार्टीत समोर जाऊन हात पुढे करायचा, एक गाणं नाचायचं, हसून पुढे जायचं. नको असेल तर समोरची ‘नेक्स्ट साँग’ म्हणते आणि कुणाचं काही बिघडत नाही. हवानाने तर हा प्रश्नच निकालात काढला. 1950 च्या दशकात तिथल्या कासिनो देपोर्तिवो क्लबातून पुढे आलेल्या रुएदा दे कासिनो या नाचात जोड्या गोल करतात, एकजण पुकारा करत राहतो, ‘दामे’ ऐकू आलं की प्रत्येक पुरुष पुढच्या बाईचा हात धरतो. आवडनिवड गेली खड्ड्यात! टँगोत हे चालणार नाही. तिथे छातीला छाती टेकते, गालाला गाल लागतो, आणि एकदा सुरू केलं की बारा मिनिटं सुटका नसते.

ही बारा मिनिटं तबकड्यांनी ठरवली आहेत. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचं संगीत मावे, म्हणून 1935 ते 1955 या सुवर्णकाळातली बहुतेक गाणी तेवढ्याच लांबीची. डीजे एकाच वाद्यवृंदाची चार गाणी सलग लावतो. वॉल्ट्झ असेल किंवा मिलोंगा नावाचाच जलद नाच असेल, तर बहुधा तीन. ही एक तांदा. दोन तांदांच्या मध्ये वेगळ्याच ढंगाच्या संगीताचा छोटा तुकडा वाजतो, ती कोर्तीना. कोर्तीना लागली की फ्लोअर रिकामा करायचा, आणि पुरुषाने बाईला तिच्या जागेपर्यंत पोचवायचं. यात दाक्षिण्य आहेच, पण मुख्य सोय अशी की मधे कुणी रेंगाळलं नाही, तर पुढच्या काबेसेओसाठी समोरचं मोकळं दिसतं.

नियमित येणाऱ्यांच्या मनात वाद्यवृंदांची आणि जोडीदारांची एक यादी असते. हुआन दारिएन्सोला लोक ‘तालाचा राजा’ म्हणत. त्याच्यासाठी पायाने चपळ आणि थट्टेखोर माणूस हवा. दी सार्लीला लांब, सावकाश चालणारा. अनिबाल त्रोइलोला गाण्याचे शब्द ऐकणारा. ओस्वाल्दो पुग्लिएसे रात्र चढल्यावर लागतो, आणि तो वाटेल त्याच्याबरोबर नाचत नाहीत. हा पुग्लिएसे कम्युनिस्ट. त्याला तुरुंगात टाकत तेव्हा वाद्यवृंद पियानोवर लाल कार्नेशन ठेवून त्याच्याविना वाजवी. आठवड्यातून एकदा भेटणारी, एकमेकांचं आडनाव माहीत नसलेली दोन माणसं वर्षानुवर्षं फक्त पुग्लिएसे एकत्र नाचतात, याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही. अशा नात्याला काय म्हणायचं ते आपल्या नातेवाइकांच्या एवढ्या मोठ्या यादीतही सापडायचं नाही.

नाचताना बोलत नाहीत. बोलणं दोन गाण्यांच्या मध्ये. पुढचं गाणं सुरू झालं तरी जोड्या पंधरा-वीस सेकंद तशाच उभ्या राहून हवापाण्याच्या गप्पा मारतात; नवख्याला वाटतं, यांना संगीत ऐकू येत नाही की काय. मग हळूहळू एकेक मिठी जुळते आणि सगळा हॉल एकदम हलू लागतो. नाचताना बाईला ‘पाय असा टाका’ म्हणून शिकवणं हा तर अक्षम्य गुन्हा. शिकवायला वेगळे वर्ग आहेत, सरावाच्या बैठका आहेत. पण भर मिलोंगात मास्तरकी करणारे पुरुष जगातल्या प्रत्येक शहरात निघतात, आणि योगायोगाने त्यांना स्वतःलाच शिकायची गरज जास्त असते.

‘ग्रासियास’ म्हणजे आभारी आहे, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. मिलोंगात हा शब्द जपून वापरावा लागतो. चौथं गाणं संपलं की म्हणायचा. पहिल्याच गाण्यानंतर सौजन्य म्हणून म्हटला, तर समोरचा समजतो की आपली पाठवणी झाली, आणि मुकाट्याने जागेवर जाऊन बसतो. कितीतरी सुसंस्कृत परदेशी बायकांनी अशा रीतीने चांगले नाचणारे घालवले आहेत.

पुरुषांचं आपसांत एक वेगळं शास्त्र आहे. जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, या चक्राला रोंदा म्हणतात. आत शिरताना मागून येणाऱ्या पुरुषाकडे पाहायचं आणि त्याने मान हलवली तरच पाऊल टाकायचं. पुढच्याला ओलांडून जायचं नाही. मागे पाऊल टाकून कुणाच्या घोट्यावर आपटायचं नाही. स्टेजवर दिसणाऱ्या उंच लाथा गर्दीत चालत नाहीत. 2003 पासून ब्युनोस आयर्समध्ये भरणाऱ्या जागतिक स्पर्धेत सामाजिक नाचाचा जो ‘पिस्ता’ गट आहे, त्यातही जोड्यांना एकाच फ्लोअरवर फिरताना याच शिस्तीत राहावं लागतं. ज्यांची पावलं साधी पण ज्यांच्यामागे नाचताना धक्का लागत नाही, अशा म्हाताऱ्यांना फ्लोअरवर खरा मान मिळतो.

ही सगळी अदब कुठून आली? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर बोटींतून उतरलेल्या माणसांनी भरलं होतं. 1914 च्या जनगणनेत शहरातले जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले निघाले. इटली आणि स्पेनहून आलेल्यांत एकट्या तरुण पुरुषांचा भरणा. बायका कमी, नाचू इच्छिणारे जास्त. ज्याला नीट नाचता येत नाही त्याच्याकडे कोण बघणार? म्हणून मुलगे आधी मुलग्यांबरोबरच शिकत. सुरुवातीला बाईची बाजू नाचायची, ती अंगवळणी पडली की पुरुषाची, आणि जुन्या लोकांनी ‘आता जा’ म्हटल्यावर मिलोंगाची पायरी चढायची. 1940 च्या दशकात वस्तीतल्या क्लबांत मुली यायच्या त्या आईला घेऊन. आई शेजारच्या खुर्चीवर. अशा ठिकाणी मोठ्याने विचारणं आणि मोठ्याने नकार ऐकणं दोन्ही परवडणारं नव्हतं. भुवईने विचारलेलं आईलाही कळत असणारच, पण सगळ्यांनी न कळल्यासारखं करायचं असं एकदा ठरलं की काम भागतं.

1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरॉनचं सरकार लष्कराने उलथवलं आणि टँगोचे दिवस फिरले, पुढे रॉक आलं, तरुण मुलांनी टँगोला आजोबांची गोष्ट म्हणून बाजूला सारलं. 1983 मध्ये पॅरिसमध्ये ‘टँगो अर्जेंटिनो’ हा कार्यक्रम झाला, 1985 मध्ये तो ब्रॉडवेवर पोचला, आणि जगभरातून लोक शिकायला ब्युनोस आयर्सला येऊ लागले. आजोबा अजून नाचत होते हे नशीब. त्यांच्याकडून पावलांबरोबर कोदिगोसही पुढच्यांकडे गेले. 2009 मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या नावे टँगोची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

कोदिगोसमध्ये प्रेमप्रकरणांचीही सोय आहे. एका रात्रीत एकाच व्यक्तीबरोबर एक तांदा ही ओळख, दोन झाल्या तर आवड, तीन झाल्या तर शेजारच्या टेबलांवर चर्चा सुरू होते. ‘कॉफी घेऊ या का?’ असं गाण्यांच्या मध्ये विचारलं, तर त्याचा कॉफीशी फारसा संबंध नसतो. होकार मिळाला तरी दोघांनी एकत्र बाहेर पडायचं नाही. आधी एक निघतो, थोड्या वेळाने दुसरी, गाठ पडते कोपऱ्यावर. जोडप्याने आलेल्यांना एका टेबलावर बसवतात आणि मग त्यांच्याकडे कुणी नजर टाकत नाही. म्हणून अनेक नवरा-बायको मुद्दाम वेगवेगळे आत येतात, दोन भिंतींना बसतात, चार तास दुसऱ्यांबरोबर नाचतात आणि एकाच टॅक्सीने घरी जातात.

इथवर हे सगळं फार शहाणपणाचं वाटतं. पण काचिरुलोसारख्या कडक शिस्तीच्या मिलोंगात बायकांच्या रांगेकडे बघितलं तर दुसरी बाजूही दिसते. नकार कुणाला दिसत नाही, तसं वाट बघणंही कुणाला दिसत नाही. सुंदर नाचणारी सत्तरीची बाई ताठ बसून तांदामागून तांदा नजर टाकत राहते आणि समोरचे सत्तरीचे पुरुष तिशीच्या परदेशी मुलीकडे बघत राहतात. मिरादा दोघांनीही करायची असली, तरी उठून चालत जातो तो पुरुषच. दुसरी अडचण याहून गंभीर. मिठीत शिरण्याआधीच्या नकाराची एवढी नाजूक व्यवस्था, पण मिठीत शिरल्यावर त्याचा हात नको तिथे गेला तर? मधेच ‘ग्रासियास’ म्हणून निघून जाणं, म्हणजे सगळ्या हॉलसमोर त्याचा अपमान. त्यामुळे कितीतरी बायका उरलेली गाणी दात आवळून नाचत आल्या. ज्या अदबीने पाणउतारा टाळला, तिनेच त्यांची तोंडंही बंद केली.

2015 मध्ये बायकांवरच्या हिंसेविरुद्ध ‘नि उना मेनोस’ चळवळ अर्जेंटिनाच्या रस्त्यांवर आली. तिचे पडसाद नाचघरांत उमटायला थोडा वेळ लागला, पण उमटले. टँगोतल्या स्त्रीवाद्यांची संघटना उभी राहिली आणि मिलोंगात त्रास झाल्यास आयोजकांनी काय करावं याचे नियम तिने लिहून काढले. भुवयांवर चाललेल्या व्यवस्थेत हा लिखित कागद पुष्कळांना खटकला. खटकणाऱ्यांत सगळे म्हातारे नव्हते, आणि बाजूने बोलणाऱ्यांत सगळ्या तरुणी नव्हत्या. तसा बदल त्याआधीच सुरू झाला होता. ला मार्शलसारख्या क्वीअर मिलोंगात पुढाकार कुणाचा हे पुरुष-बाई असण्यावर ठरत नाही. जोडी उभी राहताना आपसांत ठरवते, वाटल्यास तांदाच्या मध्येच अदलाबदल करते. जुने पुरुष एकमेकांबरोबरच नाचायला शिकले होते, याची आठवण तिथले लोक मोठ्या आनंदाने करून देतात.

रात्रीचं शेवटचं गाणं बहुतेक ठिकाणी ‘ला कुंपारसिता’. मोंतेविदेओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेस या विद्यार्थ्याने ते मार्चच्या चालीवर रचलं होतं, रोबेर्तो फिर्पोने त्याचा टँगो केला. ते लागलं की नव्या माणसाला शोधायचं नाही, आपल्या माणसाबरोबर नाचायचं. ज्याचं आपलं कुणी नाही तो बूट बदलतो. पालेर्मो वस्तीतल्या ला विरुता या तरुणांच्या मिलोंगात पहाटेकडे अर्धचंद्राच्या आकाराचे गोड मेदियालुना आणि कॉफी मिळते. तिथे उजेड बेताचा, काबेसेओची सक्ती नाही, सरळ येऊन विचारलं तरी कुणी दचकत नाही. एव्हाना पाय सुजलेले असतात. रात्रभर ज्यांच्या गालाला गाल लावून नाचलो त्यांचं नाव काय, कुठल्या गावचे, काय काम करतात, याची चौकशी आता मेदियालुना खाताना सुरू होते, आणि डीजेने दारिएन्सो फार लवकर लावला यावर भांडणही.