चापावरचं बोट

गेल्या जूनपासून आमच्या घरात मगरिबनंतर अर्धा तास कुणी मोठ्याने बोलत नाही. नववीतली लेक बाहेरच्या खोलीत कोऱ्या भिंतीसमोर हात सरळ करून उभी असते. हातात हवेचं पिस्तूल. त्यात छर्रा नाही, हवेचा दाबही सोडलेला नाही. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, ती हात खाली घेते, श्वास सोडते, पुन्हा उचलते. पाहुण्यांना आधी हसू येतं, मग प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न शेजारच्या काकींचा होता. ‘‘गुरुजी, चेडवाच्या हातात पिस्तूल कित्याक दिल्यात?’’ काकींच्या मनात काही नव्हतं. आमच्या मनात मात्र होतं. मुसलमानाच्या घरात पिस्तूल, एवढी ओळ कुडाळच्या बाजारपेठेत फिरायला किती वेळ लागणार? नियम आम्ही वाचले होते. साडेचार मिलिमीटर तोंडाच्या, ठरावीक ताकदीच्या आतल्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. तरी खरेदीची पावती आम्ही रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली आणि रोज सराव सुरू झाला की खिडकीचा पडदा ओढून घेऊ लागलो.

हा नाद तिला कोल्हापुरात लागला. सुट्टीत खालाकडे गेली होती. ते गावच तसं. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत तिथल्याच. फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाताना जो राधानगरी तालुका लागतो, त्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला रायफलमध्ये ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं. खालाने तिला रेंज दाखवायला नेलं आणि पोरगी तिथेच अडकली.

सुरुवातीला तिचे छर्रे एकसारखे खाली डावीकडे जात. आम्हाला वाटलं, डोळ्याचा नंबर असेल. चष्मा तपासून आणला, नंबर नव्हता. तिच्या प्रशिक्षकांनी कागद पाहूनच सांगितलं की डोळा बरोबर आहे, बोट घाई करतंय. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने चाप हिसकला की पिस्तुलाचं तोंड खाली डावीकडे झुकतं. दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. नळीच्या टोकावरची खूण मागच्या खाचेत मिलिमीटरभर सरकली, तर छर्रा जवळजवळ तीन सेंटिमीटर बाजूला जातो. स्पर्धेत असे साठ नेम, पाऊण तास अधिक अर्धा तास एवढ्या वेळात, एका हाताने धरायचे असतात.

म्हणून हा कोरा सराव. समोर टार्गेट लावायचं नाही, कारण काळा गोल दिसला की बोट त्याच्या मागे धावतं. कोऱ्या भिंतीवर नजर फक्त टोकावरच्या खुणेवर राहते. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर, बाकीची बोटं आहेत तशी. मूठ आवळायची नाही. चाप सरळ मागे, हळूहळू दाबत जायचा, आणि तो नेमका कधी सुटेल हे आपल्यालाच कळता कामा नये. सुटल्यावरही दोन-तीन सेकंद हात तसाच धरायचा. खूण हलली का, हे तेव्हा दिसतं. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर न सोडता हात खाली. हे तिला सगळ्यात जड गेलं. उचललेला हात काही न करता खाली आणायचा म्हणजे तिला हरल्यासारखं वाटे.

उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना तख्तीवर बरूने लिहायला लावतो. नुक्ता देताना जो पोरगा बरू आपटतो, त्याचा डाग पडतो. जो टेकवून दाबतो, त्याचा चौकोन स्वच्छ उमटतो. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘अब्बा, हे आधी का नाही सांगितलंत?’’ आधी आम्हालाच कुठे सुचलं होतं!

दुसरा व्यायाम नाण्याचा. नळीच्या टोकाजवळ सपाट जागेवर रुपया ठेवायचा आणि तो न पडता चाप दाबायचा. पहिल्या आठवड्यात दहातले आठ वेळा नाणं फरशीवर.

याच दिवसांत एक प्रकार घडला. ती पाणी प्यायला आत गेली आणि धाकट्याने टेबलावरचं पिस्तूल उचलून हसत दादीकडे रोखलं. रिकामं होतं. तरी आमच्या हातापायातलं बळ गेलं. थट्टेतही आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, हे हदीसमध्ये सांगितलेलं आम्हीच त्याला शिकवलं होतं. आठवडाभर सराव बंद ठेवला. धाकट्यावर रागावलो खरे, पण चूक मोठ्यांची होती. पिस्तूल उघड्यावर ठेवायला नको होतं. आता पेटीला कुलूप असतं, किल्ली अम्मीकडे. सरावाच्या आधी छर्रा नाही ना, हे दोघांनी पाहायचं. तोंड फक्त भिंतीकडे, आणि उभं राहायचं ते तिच्या पाठीमागे.

त्या आठवड्यात, इतकी कटकट कशाला, सोडून द्यावं, असंही मनात आलं. लेकीने वाद घातला नाही. तिने राही सरनोबतची गोष्ट काढली. कोपराच्या दुखापतीने तिला खूप दिवस खेळापासून दूर राहावं लागलं. मग 2018 मध्ये एशियाडमध्ये पालेम्बंगला अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या नेमबाजाचे सारखेच 34 गुण झाले. सोडवणुकीची फेरीही बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत राही जिंकली. ‘‘तिला दोनदा परत हात उचलावा लागला,’’ लेक म्हणाली. आणि जाता जाता, ‘‘पडदा लावला ना, की मी काहीतरी चोरून करतेय असं वाटतं. बोट तिथेच बिघडतं.’’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन पावती दाखवून आलो. कुणी बोलावलं नव्हतं. तिथल्या हवालदारांनी पावती पाहिली, चहा पाजला आणि आपल्या मुलाला हा खेळ जमेल का, असं विचारलं. संध्याकाळी पडदा बाजूला केला.

आता काकीही कधीकधी येऊन तिच्या मागच्या खुर्चीत बसतात. परवा पंचवीस नेम झाले तरी रुपया जागचा हलला नव्हता. सव्विसाव्याला खणकन आवाज झाला.

‘‘पडला गो!’’ काकी म्हणाल्या.

‘‘काकी, तुम्ही खुर्ची सरकवलीत म्हणून,’’ लेक म्हणाली, आणि वाकून नाणं शोधू लागली.