रोहिणीचा प्रकाश

वर्धा जिल्ह्याच्या वायव्य भागात, संत्र्यांच्या बागांच्या सोबतीने आष्टी हे गाव वसलेले आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, ऐन नागपंचमीच्या दिवशी, येथील पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि गावातली माणसे धारातीर्थी पडली. तेव्हापासून या गावाला ‘शहीद आष्टी’ असे म्हणतात. आजच्या आष्टीतली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे जातात. गेलेला मुलगा सहसा परतत नाही. म्हणूनच पुण्यातली नोकरी सोडून एक तरुण जेव्हा गावी परत आला आणि शाळेत विज्ञान शिकवू लागला, तेव्हा पारावरच्या मंडळींनी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिले. चांगली नोकरी कोणी उगीच सोडत नाही, असे त्यांचे म्हणणे. खरे कारण अगदी साधे होते. वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि बाग माणसावाचून राहत नाही.

एकतिसाव्या वर्षी आईवडिलांच्या घरात राहणे वाटते तितके सोपे नसते. पुण्यात त्याला कोणी विचारणारे नव्हते. येथे रात्री नऊ वाजले की ‘दिवा अजून का जळतो?’ अशी विचारणा होई. जेवताना पुस्तक हाती धरले तर आई काही न बोलता ते उचलून फळीवर ठेवी. वडील त्याच्या पुस्तकांना ‘हवेतल्या गोष्टी’ म्हणत. ही पुस्तके म्हणजे विज्ञानकथा. आणि त्यांतही डॉक्टर जयंत नारळीकरांच्या कथांवर त्याचा विशेष जीव होता.

सहावीत असताना शाळेच्या कपाटात त्याला ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह सापडला होता. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे मुखपृष्ठ केव्हाच गळून पडले होते. त्या दिवसापर्यंत अंतराळात जाणारी माणसे परदेशीच असतात, अशी त्याची समजूत होती. येथे मात्र माणसे आपली, बोलणे आपले, आणि आरशातल्या प्रतिमेप्रमाणे डाव्याचे उजवे होण्याचे गूढ सांगण्यासाठी लेखकाने घेतला होता तो चक्क उजव्या सोंडेचा गणपती! घरच्या देव्हाऱ्यापासून चौथ्या मितीपर्यंत जाणारी वाट असू शकते, हे त्या मुलाला प्रथमच कळले.

पुढे त्याने लेखकाचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र वाचले. नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला. पण बालपण गेले ते काशीत, हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. त्या घरात भिंतीवर फळा होता. शिकायला म्हणून राहिलेले मोरूमामा त्या फळ्यावर गणिताचे एखादे कोडे लिहीत आणि ते भाच्याला आव्हान म्हणून ठेवून देत. उत्तर सापडेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते पुसले जात नसे. कोणी दटावीत नसे आणि कोणी घाईही करीत नसे. जाता-येता कोडे तेवढे डोळ्यांसमोर असे. आपल्या घरातही तसा एखादा फळा असता तर, असे या तरुणाला ते वाचताना वाटून गेले. मग त्याला हसू आले. त्याच्या घरातही भिंतीवर एक गोष्ट कायमची होती: वडिलांचे पंचांग. त्यात कोणते नक्षत्र केव्हा लागते आणि पाऊस किती, याच्या खुणा शिसपेन्सिलीने केलेल्या असत. तेही एक न सुटलेले कोडेच होते.

१९५७ साली नारळीकर काशीचे घर सोडून केंब्रिजला गेले. तेथे त्यांना फ्रेड हॉइल हे गुरू लाभले. हे थोर खगोलशास्त्रज्ञ स्वतः विज्ञानकादंबऱ्याही लिहीत. सूर्याकडे सरकणाऱ्या एका महाकाय कृष्णमेघाची त्यांची कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. १९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले. दोन वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःचीच आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरविली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंकडून लिहून घेतली. जगतापांना पहिले पारितोषिक मिळाले! एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या मुलासारख्या हौसेने परीक्षेला बसावे, ही गोष्ट त्या तरुणाला फार आवडे.

एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली असताना त्याने आईला ‘धूमकेतू’ ही कथा वाचून दाखविली. एक हौशी आकाशनिरीक्षक रात्री-रात्री थंडीत दुर्बिणीपाशी बसतो; त्याला सर्दी होईल या काळजीने त्याची पत्नी त्रासते. त्याला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे निघते. शास्त्रज्ञ अंतराळात स्फोट घडवून तो बाजूला सारतात. आणि इकडे घरी पत्नीने संकटनिवारणासाठी यज्ञ केलेला असतो. कथेचा रोख कोणाच्या बाजूने आहे, हे उघड आहे. आईने शेवटपर्यंत मन लावून ऐकले आणि म्हटले, “यज्ञाचं राहू दे. पण थंडीत मफलर घे म्हणाली, त्यात तिचं काय चुकलं?” यावर विज्ञानाच्या त्या शिक्षकाला उत्तर सुचले नाही.

वडिलांना मात्र तो कधी कथा वाचून दाखवू शकला नाही. ‘कृष्णविवर’ वाचताना त्याच्या मनात नेहमी वडीलच येत. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हे त्याने वर्गात कितीदा शिकविले होते. पुण्याची सहा वर्षे त्याच्या हिशेबी भुर्रकन गेली होती; घरी आला तेव्हा वडील भिंत धरून ओसरीची पायरी चढत होते. दर दिवाळीला येऊनही त्याला ते दिसले नव्हते. घड्याळे दोन्हीकडची सारखीच चालत होती, मग एवढे अंतर कसे पडले? या प्रश्नाचे समीकरण त्याला कोठल्याही पुस्तकात सापडले नाही.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. बातमी ऐकून तो दिवसभर गप्प होता. वडिलांनी कारण विचारले नाही, संध्याकाळी एवढेच म्हटले, “तुया पुस्तकावाला माणूस गेला म्हणे.” त्यांना नाव ठाऊक होते, हे त्याला त्या दिवशी कळले.

पुढच्या जानेवारीची गोष्ट. आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडली होती. आता ताण मोडून ओलीत करायचे होते. त्या आठवड्यात पंपाला वीज रात्रीची होती. वडील नको म्हणत असतानाही त्याच्याबरोबर निघाले. आईने दोघांच्या गळ्यांत मफलर अडकविले, आणि मुलगा का हसतो ते तिला समजले नाही. झाडांना दुहेरी आळी केलेली होती. खोडाला पाणी लागले तर डिंक्या धरतो, म्हणून पाणी बाहेरच्या आळ्यातच फिरले पाहिजे. वडील बांधावर बसून सांगत आणि तो फावड्याने पाणी वळवी.

थोड्या वेळाने वडिलांनी वर पाहिले. डोक्यावर मृग होता आणि त्याच्या अलीकडे तांबूस रोहिणी. “रोहिणीत पाऊस आला तर बरं असते,” ते सवयीने म्हणाले.

“बाबा, तुमचं वय किती?”

“पासष्ट. काहून?”

“रोहिणीचा उजेड इथं यायला पासष्ट वर्षं लागतात. एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो, तरी. आता दिसतो आहे तो तुम्ही जन्मला त्या सुमारास तिथून निघालेला आहे.”

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. पाण्याचा तेवढा आवाज येत होता.

“खरी गोष्ट हाय, का पुस्तकातली?”

“खरी.”

“मंग आज निघाला असन तो कधी पोचन?”

“आणखी पासष्ट वर्षांनी.”

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. “तू तवा शहाण्णवचा. असशीन तर पाह्यजो.”

मग काठी टेकून ते उठले आणि म्हणाले, “पाणी खोडाकडं चाललं बघ. वळव.”