ईश्वर आणि प्रमाण

ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. पण वादात तो जितक्या झटपट निकालात काढला जातो तितका दुसरा कोणताही प्रश्न काढला जात नसेल. सुशिक्षितांच्या बैठकीत तो निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एवढे अफाट विश्व कर्त्यावाचून झाले कसे? दुसरा म्हणतो, असेल तुमचा ईश्वर तर दाखवा! आपण प्रतिपक्षास निरुत्तर केले असे दोघांसही वाटते, आणि चहा येताच मंडळी महागाईकडे वळतात. ईश्वराच्या अस्तित्वाचा निवाडा देण्याचा अधिकार आमचा नाही, व या लेखाचा तो हेतूही नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते त्याच्या अलीकडचे आहे. हा प्रश्न पुराव्याने सुटण्याजोगा आहे काय? आणि तसा तो नसेल, तर त्यापासून आपल्या रोजच्या वागण्यास काही बोध निघतो काय?

प्रथम 'सिद्ध करणे' म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. भूमितीत काही गृहीते मान्य केली म्हणजे सिद्धान्त अटळपणे निघतो. पण गृहीते नाकारणारास तो बंधनकारक नसतो. न्यायालयात साक्षी व कागद यांवरून वाजवी संशय उरणार नाही इतपत खात्री पटली म्हणजे पुरते. प्रयोगशाळेत अमुक केले असता तमुक दिसेल असे आधी सांगावे लागते, आणि तसे न दिसल्यास आपले म्हणणे मागे घ्यावे लागते. ईश्वराच्या वादात या तिन्ही रीतींची सरमिसळ होते. आरंभ प्रयोगशाळेच्या थाटाने होतो, अडचण आली की वकिली सुरू होते, आणि शेवटी जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरले होते असे उघडकीस येते.

आपल्या देशात ईश्वरसिद्धीचा सर्वांत नेटाचा प्रयत्न नैयायिकांनी केला. घट पाहिला की कुंभाराचे अनुमान होते. पृथ्वी, पर्वत हीही घटासारखीच कार्ये आहेत. सबब त्यांसही कोणी बुद्धिमान कर्ता असला पाहिजे, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजलि' हा ग्रंथच त्यासाठी रचला. त्यांच्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. ते जगन्नाथपुरीस दर्शनास गेले तेव्हा मंदिराची दारे बंद होती. आचार्यांस राग आला व त्यांनी देवासच बजावले की, आज तू माझी उपेक्षा करीत आहेस, पण बौद्ध पंडित चालून येतील तेव्हा तुला माझाच आधार आहे! आख्यायिका खरी असो वा नसो, तीतील मार्मिकता ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याचे असणे एका पंडिताच्या वादकौशल्यावर टिकून आहे, तो सर्वसमर्थ ईश्वर बिचारा किती परावलंबी ठरतो!

या युक्तिवादाची परीक्षा घेण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. आम्ही राहतो त्या मालाडास एके काळी दगडाच्या खाणी होत्या. येथला पिवळसर दगड मुंबईच्या अनेक इमारतींस लागला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखली जाणारी, १९०५ साली कोनशिला बसलेली वास्तू त्यांपैकीच एक होय. तिच्या भिंतीतील घडीव दगड पाहून पाथरवटाचे अनुमान कोणीही करील. कारण पाथरवट दगड घडविताना आपण पाहिलेले आहेत. परंतु तो दगड ज्या टेकडीतून निघाला ती टेकडी घडविणारा कोणी आपण पाहिलेला नाही. अनुमानाचा पूल दोन्ही काठ पाहिलेल्यानेच बांधावा. येथे दुसरा काठ कोणी पाहिलेला नाही, इतकेच नव्हे तर तो आहे की नाही हाच वाद आहे.

मालाडहून आगगाडीने थोडे दक्षिणेस गेले की अंधेरी लागते. तेथे गिल्बर्ट हिल नावाचा सुमारे दोनशे फूट उंचीचा काळ्या दगडाचा सुळका उभा आहे. एकास एक खेटून उभे असलेले त्याचे कंगोरेदार खांब पाहिले म्हणजे कोणी कसबी कारागिराने ते दोरी धरून तासले असावेत असा भास होतो. भूशास्त्रज्ञ सांगतात की, सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तप्त शिलारस निवताना आकसला, त्यास भेगा पडल्या आणि त्या भेगांनीच हे खांब घडविले. तेव्हा घडीव दिसणारी प्रत्येक वस्तू कोणा बुद्धिमंताने घडविलेलीच असते, हा नियम येथे उघड उघड मोडतो. पण याच सुळक्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. तेथे जाणारा भाविक शिलारसाची ही हकीकत शांतपणे ऐकून विचारील की, निवताना आकसावे हा नियम शिलारसास कोणी घालून दिला? त्यास भूशास्त्राजवळ उत्तर नाही, कारण तो भूशास्त्राचा प्रश्नच नव्हे. एवंच, त्या दगडावरून कर्ता सिद्ध होत नाही आणि कर्त्याचा अभावही सिद्ध होत नाही.

आश्चर्याची गोष्ट ही की, ईश्वरसिद्धीच्या या युक्तिवादाचे वाभाडे काढणारे सर्वच नास्तिक नव्हते. रामानुजाचार्यांसारखा विष्णुभक्त दुसरा कोण? पण श्रीभाष्यात त्यांनीच दाखविले आहे की, केवळ अनुमानाने जगाचा एकच एक कर्ता सिद्ध होऊ शकत नाही. मोठा वाडा अनेक गवंडी मिळून बांधतात, तसे जगही अनेकांनी निरनिराळ्या काळी केले नसेल कशावरून? शिवाय कुंभारास देह असतो, तसा या कर्त्यासही मानावा लागेल. त्यानंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी, १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्यूमच्या संवादांत हाच आक्षेप पुन्हा भेटतो. शंकराचार्यांनीही ब्रह्म हा श्रुतीचा विषय मानला. नुसत्या तर्काच्या बळावर उभारलेला ईश्वर त्यांस मान्य नव्हता. सांख्यसूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही अशा अर्थाचे एक सूत्र आहे. त्यावर सोळाव्या शतकातील विज्ञानभिक्षूंनी असा बारकावा काढला की, सूत्रकार ईश्वर 'असिद्ध' आहे असे म्हणतात, 'नाही' असे म्हणत नाहीत. असिद्ध आणि असत् यांतील हे अंतर ज्याने ओळखले त्याने या वादाचे निम्मे काम केले. पुढे १७८१ साली कांटने युरोपास जे बजावले त्याचे सारही हेच, की शुद्ध बुद्धीस ईश्वर सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

आता खोडून काढणाऱ्यांची बाजू पाहू. त्यांचे सर्वांत प्रबळ शस्त्र दुःख हे होय, आणि मालाडकरांस त्याचे उदाहरण शोधावे लागत नाही. २ जुलै २०१९ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मुसळधार पावसात मालाड पूर्वेस टेकडीवरील जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली आणि पिंपरीपाड्याच्या झोपड्यांवर पाण्याचा व दगडमातीचा लोंढा आला. वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत निजलेली मुले होती. सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि दयाळू असा ईश्वर असेल तर हे कसे घडले? हा प्रश्न ज्यास बोचत नाही त्याची श्रद्धा आम्हांस फारशी आदरणीय वाटत नाही. तथापि, ही खोड अखेरची ठरत नाही. आस्तिक म्हणेल, पूर्वकर्म आहे. म्हणेल, ईश्वराचा हेतू मानवी बुद्धीस अगम्य आहे. म्हणेल, त्याने माणसास स्वातंत्र्य दिले आहे. ही उत्तरे समाधानकारक नसतील, पण ती खोटी पाडता येत नाहीत. मात्र या अजिंक्यपणाची किंमत मोठी आहे. काहीही घडले तरी ज्या विधानास धक्का लागत नाही, ते विधान काय घडेल याविषयी आपल्याला काहीच सांगत नाही.

याच जागी एक धोका आहे आणि तो आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. भिंत पडली हा ईश्वरी न्यायाचा प्रश्न असेल वा नसेल, पण ती कोणी बांधली, कशी बांधली, साचलेल्या पाण्यास वाट ठेवली होती की नाही, आणि भिंतीखाली माणसांस राहावे का लागले, हे सर्व प्रश्न पुराव्याने सुटणारे आहेत. 'दैवी आपत्ती' हा शब्द उच्चारताच न सुटणारा प्रश्न पुढे येतो आणि सुटण्याजोगे प्रश्न त्याच्या आड लपतात. ईश्वरास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही, म्हणून माणसेही सुटतात. ही सोय आस्तिकांनीही कोणास करून देऊ नये.

सिद्धतेविषयीचा हा गोंधळ चमत्कारांच्या वेळी अधिकच उघडा पडतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची वार्ता पसरली. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखविले की, पृष्ठताणामुळे चमच्यातील दूध मूर्तीवर ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमचा समुद्र गोड झाला म्हणून लोक ते पाणी प्याले; तो मिठी नदीच्या पावसाळी पाण्याचा प्रभाव होता. २०१२ साली विलेपार्ल्याजवळ इर्ला येथे ख्रिस्ताच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. सनल एडामरुकू यांनी ते तुंबलेल्या मोरीचे पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढत असल्याचे सांगितले. त्यांच्याविरुद्ध फिर्यादी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. या तिन्ही प्रसंगी प्रयोगशाळेची रीत पूर्णपणे लागू होती, कारण विधाने दूध, समुद्र आणि भिंत यांविषयी होती. ती तपासली गेली व टिकली नाहीत. त्यावरून दूध, समुद्र आणि भिंत यांविषयी निर्णय झाला. ईश्वराविषयी झाला नाही. चमत्कार टिकेल तोवर तो पुरावा म्हणून मिरवावयाचा आणि तो फसला की ईश्वर प्रमाणातीत आहे असे म्हणावयाचे, ही भाविकाची लबाडी होय. आणि दुधाचा उलगडा केला म्हणून ईश्वराचा निकाल लावला असे समजणे, ही बुद्धिवाद्याची घाई होय.

हा फरक ओळखून वागणारी माणसे महाराष्ट्रात झाली आहेत. १८८८ साली 'सुधारक' काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी प्रत्येक रूढीस बुद्धीच्या कसोटीवर उभे केले. त्याबद्दल त्यांस जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर वारंवार सांगत की, देव आहे की नाही याविषयी समिती तटस्थ आहे. देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीस व शोषणास मात्र तिचा विरोध आहे. जे तपासता येते ते तपासावे आणि जे तपासता येत नाही ते ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडावे, इतकेच ते मागत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो देवाविषयी काही बोलत नाही; भानामतीच्या नावाने छळणारा आणि अंगात आल्याचे सोंग करून भीती घालणारा यांच्याविषयी बोलतो. ज्यास आपल्या ईश्वराबद्दल पुरावा देता येत नाही, त्याने त्यासाठी दुसऱ्याचा प्राण घ्यावा, यापेक्षा मोठी विसंगती आम्हांस ठाऊक नाही.

मग घरातील लहान मुलाने विचारले की, 'आजी, देव आहे हे सिद्ध करून दाखव,' तर आजीने काय करावे? आमचे मत असे की, तिने दूध पिणाऱ्या मूर्तीच्या गोष्टी सांगू नयेत. कारण मूल मोठे होऊन पृष्ठताण शिकले की आजीच्या शब्दांवरील त्याचा विश्वासही त्या दुधाबरोबर ओघळून जाईल. 'बाळा, ते सिद्ध करता येत नाही. मला मात्र त्याचा आधार वाटतो,' एवढे तिने म्हटले तर त्यात खोटे काही नाही आणि लाजिरवाणेही काही नाही. ज्ञानेश्वरांनीही 'अमृतानुभवा'त स्वयंप्रकाश वस्तूस शब्दाच्या व प्रमाणाच्या आधाराची गरज नसल्याचे सांगितले आहे. त्याच घरातील बापाने, तो नास्तिक असल्यास, 'मला तो आधार लागत नाही. पण आजीचे खोटे आहे असेही मला दाखविता येत नाही,' असे म्हणावे. आणि मुलास ताप भरला म्हणजे दोघांनी मिळून त्यास प्रथम डॉक्टरकडे न्यावे. नवस बोलावयाचा तर तो वाटेतही बोलता येतो. तापाचे कारण पुराव्याने कळणारे आहे, आणि तेथे आस्तिक व नास्तिक असे दोन तट पडण्याचे काही कारण नाही.