पाच डबे

मराठी माणसाचं निम्मं आयुष्य डब्यात जातं. शाळेत पोळी-भाजीचा डबा, कचेरीत त्याच डब्याची थोरली आवृत्ती, दिवाळीत फराळाचा डबा, गाडीत पासवाल्यांचा डबा आणि बायकोने नवऱ्याच्या नकळत साठवलेल्या पैशांसाठी डाळीचा डबा. त्यामुळे आमचे साडू जेव्हा "पाच डबे येताहेत!" असं हर्षवायू झाल्यासारखं सांगू लागले, तेव्हा आमच्या मंडळींनी शांतपणे विचारलं, "भावोजी, त्यात बेसनाचा कुठला?"

डबे केंब्रिजचे होते आणि त्यात खाण्यासारखं काही नव्हतं.

साडू हा मनुष्य सज्जन आहे. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या कानाला टेलिफोन लावून देण्याची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या कानाकडे वळले. तसा नाद जुनाच. वडिलांच्या घरात मर्फीचा रेडिओ होता, त्यावर शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा आणि घरातली पोरं पाण्याचा पेलासुद्धा न वाजवता ठेवायची. मग फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आला, मग कॅसेट, मग सीडी. प्रत्येक वेळी साडू म्हणत, "बास! आता याच्यापुढे काही नाही." दर पाचसात वर्षांनी त्याच्यापुढे काहीतरी निघायचंच. मोक्ष एकदाच मिळतो असं संत सांगतात. साडूंना तो आजवर चार वेळा मिळालेला आहे.

पाचव्या मोक्षाची वार्ता २०२४ साली आली. केंब्रिजजवळ डीसीएस नावाची कंपनी आहे, १९८७ सालची. आधी तिने रडार आणि दूरसंचार असल्या गंभीर विषयांत लक्ष घातलं, मग गाण्याकडे वळली. आपल्या यंत्रांना ती बड्या संगीतकारांची नावं देते. एल्गर, पर्सेल, पुचिनी, पॅगानिनी, विवाल्दी, रॉसिनी, बार्टोक. आपल्याकडे मिक्सरला एखाद्या खाँसाहेबांचं नाव देऊन बघा, दुसऱ्या दिवशी दुकानावर मोर्चा येईल. नव्या यंत्राचं नाव 'व्हारेझ'. हे गृहस्थ एका रचनेत नुसती तालवाद्यं आणि चक्क भोंगे वाजवून गेले. १९५८ साली ब्रसेल्सच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीच्या मंडपात त्यांचं संगीत शेकडो लाउडस्पीकरांतून वाजलं होतं. मंडप उभारण्याचं काम कोर्बुझिएंकडे होतं, म्हणजे आपलं चंडीगड आखणाऱ्यांकडे. मंडपात शेकडो कर्णे ही कल्पना आपल्या गणेशोत्सवाने बरीच पुढे नेली, पण श्रेय घेण्यात आपण नेहमीच मागे.

"पण पाच डबे कशाला?" मी विचारलं. हा प्रश्न साडूंना विचारू नये असं मला ताईंनी बजावून ठेवलं होतं, पण कुतूहल आवरेना.

साडू उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पाच डबे घेऊन आले. तूरडाळीचा मोठा डबा मधोमध ठेवून म्हणाले, "हा कोअर. सगळा हिशेब याच्या पोटात. हा रव्याचा डावीकडे, हा मैद्याचा उजवीकडे. हे दोन डॅक. म्हणजे आकड्यांचं गाणं करणारे. डाव्या कानाचा वेगळा, उजव्या कानाचा वेगळा."

"आणि ही हिंगाची डबी?"

"हे घड्याळ."

"किती वाजले ते दिसतं का त्यात?"

"नाही." साडूंनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "सीडीवर एका सेकंदाच्या गाण्याचे ४४,१०० तुकडे असतात. प्रत्येक तुकडा आपल्या वेळेवर पडायला हवा. त्या वेळेत एवढासा डळमळाट झाला तरी स्वर मलूल होतो. हे घड्याळ सगळ्यांना ताल देतं." उरलेला चहाचा डबा हा पडद्याचा होता. कुठलं गाणं चाललंय ते त्यावर दिसतं.

"म्हणजे यात सीडी घालायची?"

"छे! सीडीसाठी सहावा डबा. तो वेगळा घ्यावा लागतो."

मी ते डबे बराच वेळ न्याहाळले. मग धीर करून विचारलं, "आणि आवाज यातल्या कुठल्या डब्यातून येतो?"

साडू क्षणभर थांबले. "यातून आवाज येत नाही. त्याला अँप्लिफायर आणि स्पीकर लागतात. ते निराळे."

आतून ताईंचा आवाज आला, "डाळ झाकून ठेवा हो, पोरकिडे होतील!"

एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. या कंपनीची आकड्यांचा स्वर करण्याची रीत. साडूंनी ती आमच्या सोसायटीच्या भाषेत सांगितली. पाण्याचा पंप चालू करायचं काम नेहमी एकाच माणसाकडे दिलं, तर त्याच्या विसरभोळेपणाचा त्रास ठरावीक दिवशी, ठरावीक मजल्याला होतो आणि भांडणं होतात. तेच काम सगळ्या बिऱ्हाडांत चिठ्ठ्या टाकून फिरवत ठेवलं, तर चुका तेवढ्याच होतात, पण कोणाच्या नावावर जमा होत नाहीत; नुसती एक बारीकशी कुरकुर उरते. या डब्यांत एकसारखे पुष्कळ भाग असतात आणि काम त्यांच्यात असंच फिरवलं जातं. भागाभागांतला फरक मग गाण्याला चिकटत नाही, मागे हलकीशी सळसळ होऊन राहतो. लोकशाहीचं याहून चांगलं समर्थन मी ऐकलेलं नाही.

हे सगळं छान होतं. किंमत ऐकेपर्यंत. ती दोन लाख डॉलरच्या पुढे आहे. साडूंनी "डॉलर" हा शब्द खाली मान घालून उच्चारला. रुपयांत दीड कोटीच्या वर जाते हे मी मनात काढलं आणि बराच वेळ मनातच ठेवलं.

तोवर मी याकडे गंमत म्हणूनच पाहत होतो. गणपतीला येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहावी तशी साडू वाट पाहत होते. बैठकीच्या खोलीतलं कपाट सरकवलं, विजेचं वेगळं बटण बसवलं, भिंतीला जाड सतरंजी टांगली. कोण्या विक्रेत्याने म्हणे मुंबईत ऐकवण्याचं कबूल केलं होतं आणि तारीख दर महिन्याला पुढे जात होती. दीड कोटीची वस्तू नुसती ऐकून परत यायला काही पैसे पडत नाहीत. पण एका संध्याकाळी गच्चीवर त्यांनी मला हळूच विचारलं, "देवगडच्या कलमांना हल्ली काय भाव येत असेल हो?"

"आंब्यांना?"

"नाही, कलमांना. जागेसकट."

माझ्या हातातला चहा निवला. ती कलमं त्यांच्या वडिलांनी लावलेली. मी म्हटलं, "अहो, या वयात एवढी घाई कशाला?"

"या वयात म्हणूनच," साडू म्हणाले. खिशातून त्यांनी कानाच्या डॉक्टरांचा कागद काढला. त्यावरची रेघ चार हजारांच्या आकड्यापर्यंत बरी होती, पुढे पर्वतीच्या पायऱ्या उतराव्यात तशी खाली गेली होती. माणसाला तरुणपणी वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. मग वरचे मजले एकेक करून रिकामे होतात. "दोनचार वर्षांत काय उरेल सांगता येत नाही. ती कॅसेट एकदा नीट ऐकायचीय."

ती कॅसेट मला माहीत होती. १९८३ सालच्या गणेशोत्सवात ताई वाड्याच्या चौकात गायल्या होत्या, ती. लग्नानंतरचं दुसरं वर्ष. पुढे मुलं झाली, नोकरी झाली, तंबोऱ्याला गवसणी चढली ती चढलीच. साडूंनी कॅसेट संगणकावर उतरवून घेतली होती. "वरचा षड्ज लावायच्या आधी तिने एक श्वास घेतलाय," ते म्हणाले. "मी पहिल्या रांगेत होतो, मला आठवतो. कॅसेटवर खरखरीत बुडालाय. तो एवढा ऐकायचाय."

यावर विनोद सुचेना. डबे कितीही थोर असले तरी कॅसेटवर जे उमटलंच नाही ते काढून देणार नाहीत, उलट जनरेटरची घरघर अधिक स्वच्छ ऐकवतील, हे आयुष्यभर तारांत काढलेल्या माणसाला मी काय सांगणार?

ते ताईंनी सांगितलं. त्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या आम्हाला कळलं नाही. साडूंना तर नाहीच.

"दीड कोटी?" त्या म्हणाल्या. "अहो, मला नुसतं म्हटलं असतंत तर मी गायले नसते का? चाळीस वर्षांत एकदा विचारलंत?"

साडू गप्प. मग चाचरत म्हणाले, "गाशील?"

"आता आवाज कुठला राहिलाय?"

"मलाही आता सगळं कुठे ऐकू येतंय?"

हा सौदा दोघांनाही बरोबरीचा वाटला असावा. गवसणी काढायला अर्धा तास लागला, तंबोरा लावायला पाऊण. साडूंनी पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. मला मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर ठेवायला लावलं. ताई गायल्या. वरच्या षड्जाला आवाज चिरकला आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. एरवी अशा वेळी साडू शेजाऱ्यांचा उद्धार करतात. या वेळी त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

कलमं विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही. डब्यांची वाट पाहणं सुटलं असं मात्र कोणी समजू नये. मुंबईची तारीख आली की दोघंही ऐकायला जाणार आहेत, सोबत ताईंच्या हातचा डबा घेऊन. परवा साडू मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "सहावा डबा आपण नाहीच घेतला तरी चालेल."

त्या रात्री बंद केलेला फ्रिज सकाळपर्यंत कोणाला आठवला नाही. दूध नासलं. ताईंनी त्याचा कलाकंद केला आणि एक डबा आमच्याकडेही आला.